सहा नंबरचा आकडा

वारलू मज्जी माझ्याकडे खोली पाहायला आला तेव्हा त्याच्याजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे, दुसरीत फायबर जोडायचं मशीन. कपड्यांची पिशवी त्यानं ओसरीवर टाकली, मशीनची पिशवी मात्र छातीशी धरून उभा राहिला आणि "भाऊ, ओल नाई अशी जागा हाये का इथी?" असं विचारलं. मी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात तांब्याच्या तारा जोडल्या आहेत. हत्यार सांभाळणारा माणूस मला लगेच ओळखू येतो. भाड्याचं नंतर बोलू म्हणालो आणि किल्ली दिली.

तो माडिया आदिवासी. भामरागडच्या पलीकडे, नदी उतरून दीड तास पायी चाललं की त्याचं गाव लागतं. बारा वर्षांपूर्वी आलापल्लीहून तिकडे फायबरची केबल टाकायचं काम निघालं, तेव्हा तो रोजीनं नाली खोदायला गेला होता. केबल पुरून झाली की जोडणी करणारा माणूस नागपूरहून गाडी घेऊन यायचा आणि गाडीत पडदा लावून बसायचा. एका दिवशी त्याचा मदतनीस तापानं पडला म्हणून वारलूला टॉर्च धरायला आत बोलावलं. केसासारखी काच, दोन टोकं समोरासमोर, मधे बारीक ठिणगी, आणि काच एक झाली. हे सांगताना त्याचा आवाज आजही बदलतो. तीन वर्षं त्या माणसामागे फिरून तो काम शिकला. पुढे एका ठेकेदाराकडे लागला, आमच्या मूल गावाला आला आणि इथलाच झाला.

घरी बायको बुधरी आणि दोन मुली. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तिकडचा रस्ता बंद, आणि याचं घरी जाणंही बंद. रेंज मिळाली की बुधरीचा फोन यायचा. तो अंगणात उभा राहून आपल्या माडिया भाषेत बोलायचा. मला त्यातला एक शब्द कळत नसे.

मागच्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी त्याला ते काम मिळालं.

मूलपासून वीसेक किलोमीटरवर एक खासगी वीज कारखाना आहे. नाव सांगून काही होणार नाही. तिथे कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवतात, पाइपानं साडेचार किलोमीटर लांब नेतात आणि एका मोठ्या तळ्यात सोडतात. तळ्याला मातीचा बंधारा आहे. तळं भरत आलं की बंधारा वाढवायचा, असं तीनदा झालेलं. त्याच्या पायथ्याशी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि बांध्यांना लागून मोहबोडी गावाची खालची वस्ती, खालचा टोला. तेवीस घरं.

बंधाऱ्याच्या पोटात आठ ठिकाणी पाणी मोजणारी यंत्रं पुरलेली होती. आतल्या आत पाणी किती उंच चढलं ते ही यंत्रं सांगतात. आठ मीटरच्या आत आकडा असला तर ठीक. त्याच्या वर गेला तर माती आतून सैल होऊ लागते.

हे आकडे कारखान्यातल्या कंट्रोल रूमपर्यंत तांब्याच्या तारेवरून जायचे. आता अशी तार फार तर किलोमीटर-सव्वा किलोमीटर नीट बोलते. इथे साडेचार किलोमीटर होते, शेजारून पंपांची जाड वीजकेबल गेलेली, वरून विजा पडणार, खालून रानडुकरं उकरणार. त्यामुळे पडद्यावरचे आकडे नाचायचे. आता पाच, लगेच चौदा, लगेच शून्य. सहा नंबरचं यंत्र सगळ्यांत जास्त नाचायचं. दिवसभर भोंगा वाजायचा. शेवटी कंट्रोल रूममधल्या धनराज नावाच्या ऑपरेटरनं साहेबांना विचारून भोंग्याची वायरच काढून ठेवली. त्याला दोन वर्षं झाली होती.

तपासणीत कोणीतरी शेरा मारला आणि मग कारखान्यानं फायबर एक्स्टेंडर मागवले. एक डबा बंधाऱ्यावर, एक कंट्रोल रूममध्ये. पहिला विजेच्या सिग्नलचा प्रकाश करतो, दुसरा त्या प्रकाशाचा पुन्हा सिग्नल. मधे फायबर. त्यावर विजेचा, पंपाचा, कशाचाच परिणाम होत नाही. डबे बसवायचं आणि जोडणीचं काम वारलूकडे आलं.

बंधाऱ्यावर पंपाची खोली होती. राखेवरचं निवळलेलं पाणी तिथून परत कारखान्यात पाठवायचे. त्या पंपावर डोमा नावाचा माणूस ड्यूटीला असायचा, पस्तिशीचा, मोहबोडीच्या वरच्या टोल्यातला. त्यानं तीन दिवस वारलूबरोबर केबल ओढली. ते त्याचं काम नव्हतं. "एकटाच बसून राह्यतो गा मी इथी, पंपासंग किती बोलू?" असं म्हणायचा. दोघं पंपाच्या खोलीच्या सावलीत एकत्र जेवायचे.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी एकच्या सुमाराला शेवटची जोडणी झाली. वारलू मोटारसायकलनं कंट्रोल रूमला आला. धनराजनं पडदा चालू केला. आठही आकडे आले आणि जागेवर थांबले. धनराज हसला. "अरे, हे तं पुतळ्यावानी उभे झाले!"

मग त्यानं सहा नंबरकडे पाहिलं. अकरा पूर्णांक चार.

बाकीचे सात पाच-सहाच्या घरात होते. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सहा नंबर हलला नाही.

"सहा नंबर पहिल्यापासून पागल हाये," धनराज म्हणाला, पण हसणं थांबलं होतं.

प्रवीण साहेब आले. यंत्र विभागाचे इंजिनियर. त्यांनी चष्मा वर करून पडदा पाहिला आणि म्हणाले, "तुझ्या डब्यात फॉल्ट आहे."

वारलू परत बंधाऱ्यावर गेला. पाच नंबरची आणि सहा नंबरची तार डब्यावर अदलाबदल केली. धनराजनं फोनवर सांगितलं, अकराचा आकडा तारेबरोबर पाच नंबरच्या जागी गेला. मग डबा बदलला, जवळचा जादा डबा लावला. तेच. फायबरचा जोड मशीननं तपासला, कुठे प्रकाश गळत नव्हता. शेवटी लॅपटॉप थेट यंत्राच्या तोंडाशी लावला, मधे फायबर नाही, डबा नाही, काही नाही. अकरा पूर्णांक पाच.

त्यानं मला तिथूनच फोन केला. "भाऊ, तुमी सांगा. मधातलं सारं काढून टाकलं तरी आकडा तोच येते. मंग?"

"मग लाइन खरी आहे," मी म्हणालो.

"मलेबी तेच वाटते," तो म्हणाला. मागे पंपाची घरघर ऐकू येत होती.

प्रवीण साहेबांचं म्हणणं पडलं, की मग यंत्रच गेलं असेल. नवीन मागवू, नागपूरहून माणूस येईल, दोन-तीन आठवडे लागतील. तोवर सहा नंबर पडद्यावरून काढून टाकू. वारलूनं काम पूर्ण झाल्याच्या कागदावर एवढंच लिहायचं, की सहा नंबरच्या लाइनीत दोष आहे, निरीक्षणाखाली ठेवली आहे.

"साहेब, लाइनीत दोष नाई."

"अरे लिही ना. एका ओळीनं काय बिघडतं?"

"लाइनीत दोष असता तं मी तो काढल्याशिवाय गेलोच नसतो."

त्यानं पेन घेतला आणि आपल्या जाड अक्षरात लिहिलं: आठही लाइनी तपासल्या, बरोबर आहेत. सहा नंबरचा आकडा खरा आहे. खाली सही केली, तारीख टाकली. प्रवीण साहेबांनी कागद उचलला, वाचला आणि टेबलाच्या खणात ठेवला. ओरडले नाहीत. "ठीक आहे, जा," एवढंच म्हणाले. वारलूला त्या शांतपणाची जास्त भीती वाटली.

निघताना तो सरळ मूलला आला नाही. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला गेला, सहा नंबरच्या समोर. तिथे मनकर्णाबाई धानाच्या बांधीत उभ्या होत्या. पन्नाशीच्या, एकट्या शेती करणाऱ्या. त्यांच्या बांधीत पोटरीपर्यंत पाणी होतं.

"सहा दिवस झाले पाऊस नाई, बाई. हे पानी कुठलं?"

"तेच पाहून राह्यली ना मी. चार दिवसापासून येऊन राह्यलं. काल बांध फोडून काढून देल्लं, आज परत तेवढंच." त्यांनी पायथ्याकडे बोट दाखवलं. गवतातून बोटाएवढी धार निघत होती. "कालपावेतो साफ होतं. प्यावं वाटे असं. आज पाय."

वारलूनं ओंजळीत पाणी घेतलं. राखाडी होतं. ओंजळ रिकामी केली तरी हातावर बारीक माती राहिली. बंधाऱ्याच्या पोटातली माती पाण्याबरोबर बाहेर येत होती. त्यानं मनकर्णाबाईंकडून रिकामी बाटली मागून भरून घेतली.

त्या रात्री तो जेवला नाही. बाटली ओसरीवर होती. तळाशी बोटभर गाळ बसला होता. मी पाहिला आणि मलाही झोप आली नाही.

रविवारी सकाळी आठला तो बाटली घेऊन कारखान्याच्या गेटवर गेला. त्याचा पास बंद झाला होता. काम संपलं, आता आत काय काम, असं चौकीदार म्हणाला. प्रवीण साहेब फोन उचलत नव्हते. धनराजनं उचलला. हळू आवाजात म्हणाला, "मी सहा नंबर पडद्यावरून काढला, पन मांगून चालूच ठेवला. बारा झाला आज. मी साहेबाले सांगतलं. ते म्हणे सोमवारी पाहू."

वारलूनं मला फोन केला. मी सुचेल तिथे फोन लावत बसलो. रविवार होता, कुठे घंटी वाजत राहिली, कुठे नाव-नंबर लिहून घेतलं. मोहबोडीचे पोलीस पाटील बापूराव मात्र माझ्या ओळखीचे निघाले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कारखान्यात फोन लावला, तिकडून उत्तर आलं, काही धोका नाही. बापूराव पेचात पडले.

वारलू अकराला मोहबोडीत पोचला. खालच्या टोल्यात हनुमानाच्या पारावर वीस-पंचवीस माणसं जमली. त्यानं बाटली हलवून दाखवली. तो भाषण करणारा माणूस नाही. शब्द अडकत होते, मधेच माडिया येत होती.

"तू कंपनीचा का?" एकानं विचारलं.

"नाई. तार जोडतो."

"मंग तुले बंधाऱ्याचं काय समजते?"

"बंधाऱ्याचं नाई समजत. आकडा समजते. आकडा खोटा नाई, येवढंच मले ठाव हाये."

लोक एकमेकांकडे बघत राहिले. धान पोटरीवर आलेला, दुपारची वेळ, ऊन स्वच्छ, बंधारा रोजच्यासारखा उभा. कोणाच्या घरी भात शिजत होता. बापूराव म्हणाले, सोमवारपर्यंत थांबून पाहू.

तेवढ्यात मनकर्णाबाई उठल्या. गोठ्यात गेल्या, दोन म्हशी सोडल्या आणि वरच्या टोल्याच्या वाटेला लागल्या. डोक्यावर तांदळाची पेटी होती. ही बाई कधी शेजारच्या गावच्या जत्रेलाही म्हशी सोडून जात नसे. तिला तसं जाताना पाहून एक बाई उठली, मग दुसरी. बापूरावांनी ग्रामपंचायतीचा लाउडस्पीकर लावला. दोन वाजेपर्यंत खालचा टोला निम्म्याहून जास्त रिकामा झाला. उरलेल्यांना वारलू आणि बापूराव घरोघर जाऊन काढत होते.

दोन वाजून दहा मिनिटांनी वारलूनं डोमाला फोन लावला. त्याच्या फोनमध्ये प्रत्येक बोलणं आपोआप रेकॉर्ड होतं, ठेकेदाराशी वाद होऊ नये म्हणून त्यानं तसं करून ठेवलेलं. मी ते ऐकलं आहे. असं आहे:

"डोमा, खाली उतर."

"काऊन गा?"

"सहा नंबरच्या खाली गढूळ पानी निंगून राह्यलं. धार मोठी झाली. बंधारा बसते, डोमा."

"साहेबाचा फोन नाई आला मले."

"नाई येत साहेबाचा फोन. तू उतर."

"पंप चालू हाये ना बाप्पा. सोडून गेलो अन पानी चढलं तं माह्यावरच येईन. पाच वाजता दुसरा येते ड्यूटीवर, मंग उतरतो."

"पंप चालू राहू दे, तू ये ना!"

"येतो म्हणलं ना. धनराजले इचारतो पयले. तू जेवला का?"

"डोमा..."

"जेवून घे. ठेवतो."

त्यानं खरंच धनराजला विचारलं. धनराज त्याला म्हणाला, उतर. पण मग डोमानं साहेबांना फोन लावला, आणि तो लागेना म्हणून परत परत लावत राहिला. चौकशीत त्याच्या नंबरावरून नऊ वेळा केलेला फोन निघाला.

धनराज पडद्यासमोर बसून होता. त्यानं सहा नंबर परत वर आणला होता. तो नंतर सांगायचा, की आकडा बारा पूर्णांक आठवर होता, मग तेरा, मग झपाट्यानं खाली आला. सहा, चार, दोन. त्याला क्षणभर बरं वाटलं. मग आठही जागी नुसत्या रेघा आल्या. तीन वाजून सात मिनिटं झाली होती.

वारलू तेव्हा टोल्याच्या शेवटच्या घरातून एका म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन चढण चढत होता. आवाज फार मोठा नव्हता, तो म्हणतो. ओलं पोतं जमिनीवर टाकावं तसा. मागे वळून पाहिलं तर बंधाऱ्याला मधे दार पडलं होतं आणि त्यातून राखेचा राखाडी लोंढा सावकाश, कसली घाई नसल्यासारखा बाहेर येत होता. बांध्या गेल्या, पार गेला, घरांच्या भिंती एकेक करून आत बसल्या. पंपाची खोली होती तिथे काही नव्हतं.

टोल्यातलं एकही माणूस गेलं नाही. तीन बैल, काही शेळ्या गेल्या. आणि डोमा. तो चौथ्या दिवशी सापडला.

कारखान्यानं पहिल्या आठवड्यात सांगितलं, की नवीन बसवलेल्या फायबरच्या लाइनीत दोष होता आणि त्यामुळे चुकीचे आकडे आले. वारलूला दोनदा जबाब द्यायला बोलावलं. तो दोन्ही वेळा मला बरोबर घेऊन गेला. दुसऱ्या वेळी धनराज स्वतःहून आला. शनिवार दुपारपासून रविवारी तीन वाजून सात मिनिटांपर्यंतचे मिनिटा-मिनिटाचे आकडे त्यानं छापून आणले होते. सहा नंबरची रेघ कुठेही तुटलेली नव्हती, शेवटचं मिनिट सोडलं तर फक्त चढत गेलेली. तो वारलूच्या सहीचा कागद खणात सापडला नाही. पण वारलूनं सही करायच्या आधी त्याचा फोटो काढला होता आणि सही केल्यावरही. प्रवीण साहेबांची बदली झाली. चौकशी अजून चालू आहे.

बंधारा पुन्हा बांधला. आधीपेक्षा दीड मीटर उंच. लाइनी टाकायला ठेकेदारानं परत वारलूलाच विचारलं. मला वाटलं, हा नाही म्हणेल. तो गेला. मी विचारलं तर म्हणाला, "भाऊ, मी नाई गेलो तं दुसरा कोनी जाईन. अन साहेब सांगन ते लिहून देईन." या वेळी त्यानं एक अट घातली. भोंग्याची एक वेगळी लाइन मोहबोडीत यावी, जिची वायर कंट्रोल रूममधून काढता येणार नाही. ती आली. खालच्या टोल्याचे लोक मात्र अजून वरच्या शाळेमागे टिनाच्या खोल्यांत राहतात. राखेखाली गेलेल्या बांध्यांत यंदा धान लावला होता, तो उगवला, पण भरला नाही. मनकर्णाबाई दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला जातात.

डोमाची बायको करिष्मा दिवाळीनंतर एकदा आमच्याकडे आली. ओसरीवर बसली. पाणी प्यायली नाही. वारलूला म्हणाली, "भाऊ, तुमच्या फोनमंधी त्यायचं बोलणं हाये म्हणते. मले आयकवा."

वारलूनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं फोन तिच्या हातात दिला. तिनं कानाला लावला. ऐकून झाल्यावर परत लाव म्हणाली. तीनदा ऐकलं.

"तुमाले जेवला का म्हणून इचारते," ती म्हणाली. "सोता उपाशी होता. आमचं भांडन झालं होतं त्या दिवशी. मी डब्बा देल्लाच नाई."

ती उठून गेली.

आता कधीमधी तिचा फोन येतो. बहुतेक रविवारी दुपारी. ती दुसरं काही विचारत नाही, "लाव ना भाऊ" एवढंच म्हणते. वारलूनं माझा जुना फोन मागून घेतला आहे. त्यावर तिच्याशी बोलतो आणि आपल्या फोनमधलं ते बोलणं लावून त्याच्याजवळ धरतो. ओसरीवर पंपाची घरघर सुरू होते. मी तेवढा वेळ आतल्या खोलीत जाऊन बसतो.